कोराडीच्या पलीकडे : खेड्यात जाणारा डॉक्टर कसा घडतो?

नागपूरच्या मेडिकल चौकातून निघालेली वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी संपूर्ण शहर ओलांडून उत्तरेकडे मानकापूरला येते आणि तेथून सावनेरच्या रस्त्याला लागते. थोड्याच वेळात औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागतात. एका बाजूस कोराडीचा तलाव आणि जगदंबेचे पुरातन देवस्थान, दुसऱ्या बाजूस विद्युत केंद्राचा अवाढव्य पसारा. कोराडी मागे पडले की शेते लागतात, पाटणसावंगी लागते आणि नागपूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर सावनेर येते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र सावनेर येथे आहे. डॉक्टरीची अखेरची परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण-तरुणी आंतरवासितेच्या वर्षातील काही आठवडे तेथे काढतात. त्यांच्यापैकी अनेकांचा खेडेगावाच्या आरोग्याशी येणारा हा पहिलाच जवळचा संबंध असतो. कित्येकांच्या बाबतीत तो अखेरचाही ठरतो.

असे का व्हावे, आणि ज्यांच्या बाबतीत तसे होत नाही ते कोणत्या कारणाने, हा प्रश्न आपल्या राज्यात आणि देशात नवा नाही. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ मधील आपल्या अहवालात ‘सामाजिक वैद्य’ घडविण्याची भाषा केली होती आणि विद्यार्थ्यांना प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, असे सुचविले होते. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने पुन्हा तोच सूर लावला. त्यानुसार १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची योजना आली आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गट दत्तक घ्यावेत, असे ठरले. फिरती रुग्णालये देण्यात आली. योजना कागदावर चांगलीच होती. तथापि, महाविद्यालयाच्या आवारात उभी असलेली गाडी आणि गावात मुक्कामाला असलेला प्राध्यापक यांत मोठे अंतर असते. विद्यार्थी शिकतो तो त्या प्राध्यापकाकडे पाहून, ही गोष्ट योजनेत मावण्यासारखी नव्हती.

इंजिनिअर आले, डॉक्टर का नाही?

कामठी तालुक्यातील कोराडी हे एकेकाळी देवस्थानासाठी ओळखले जाणारे खेडे होते. १९७४ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचा १२० मेगावॅटचा पहिला संच तेथे सुरू झाला. १९८३ पर्यंत संचांची संख्या सातवर गेली आणि स्थापित क्षमता १,१०० मेगावॅट झाली. पुढे जुने संच निवृत्त होत गेले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन नवे संच कार्यान्वित झाले. या सर्व काळात शेकडो पदवीधर अभियंते कोराडीस येऊन राहिले. अभियंत्यांनी खेड्यात जावे म्हणून कोणास व्याख्याने द्यावी लागली नाहीत, की त्यांच्याकडून हमीपत्रे लिहून घ्यावी लागली नाहीत. संच उभा राहण्याबरोबर वसाहतही उभी राहिली. राहण्यास घर, मुलांना शाळा, आजारपणात दवाखाना, संध्याकाळी भेटण्यास समव्यवसायी माणसे आणि वरच्या जागेवर जाण्याचा ठरलेला मार्ग, हे सर्व नेमणुकीच्या आदेशाबरोबरच येत होते.

आता एखाद्या दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्राचा विचार करावा. मैदानी प्रदेशात ३० हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे असे एक केंद्र असावे, हे देशाचे प्रमाण आहे. त्याच्या हाताखाली उपकेंद्रे असतात. येथे येणारा वैद्यकीय अधिकारी पंचविशीतला. विद्युत केंद्रात नव्याने आलेल्या अभियंत्याच्या मागेपुढे वरिष्ठ असतात. या तरुणास मात्र पहिल्याच दिवशी केंद्रप्रमुखाचे काम करावे लागते. बाळंतपण अडले तर निर्णय त्याचा, सर्पदंशाचा रुग्ण आला तर निर्णय त्याचा, औषधसाठ्याची नोंदवही त्याची, लसीकरणाचे अहवाल त्याचे, गाडीच्या डिझेलचा हिशेबही त्याचाच. निवासस्थान असले तर पावसाळ्यात ते गळते की नाही, हा पुढचा प्रश्न. अशा वेळी ‘आजच्या तरुण डॉक्टरांत सेवाभाव उरला नाही’ असे म्हणणे सोपे असते. कोराडीच्या अभियंत्यास जे न मागता मिळाले, ते डॉक्टरच्या बाबतीत सेवाभावाच्या खात्यावर टाकणे न्यायाचे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या विषयावर मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि २०२१ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. त्यांत वेतनवाढीच्या बरोबरीने राहणीमान, कामाची सुरक्षित जागा, शहरातील तज्ज्ञांचा आधार, पुढील शिक्षणाची वाट आणि ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांची निवड यांवर भर आहे. कोणतीही एक गोष्ट पुरेशी नाही, त्या एकत्र यावयास हव्यात, असा त्या शिफारशींचा रोख आहे.

एकाच महाविद्यालयाचे विद्यार्थी

मात्र सोयींनीच सर्व काही घडते असेही नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या काही विद्यार्थ्यांची चरित्रे याची साक्ष देतात.

डॉ. प्रकाश आमटे यांनी शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडले आणि भूलतज्ज्ञ असलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यासह ते भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे गेले. लोकबिरादरी प्रकल्पाचा प्रारंभ २३ डिसेंबर १९७३ चा. म्हणजे कोराडीचा पहिला संच वीज देऊ लागला, त्याच सुमारास त्याच विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला हे दांपत्य कंदिलाच्या उजेडात रुग्ण तपासू लागले होते. हेमलकशास वीज पोहोचावयास पुढे अनेक वर्षे लागली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघेही नागपूरचेच विद्यार्थी. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, तर बालमृत्यू किती घटतात, हे त्यांनी मोजून दाखविले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात त्या पद्धतीचा समावेश झाला.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांची हकिगत याहून वेगळी, आणि या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. मराठवाड्यातील देहेड या खेड्यातल्या गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नागपुरात शिक्षण पूर्ण केल्यावर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर त्यांची नेमणूक झाली. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले डोळ्यांदेखत दगावत. पाठ्यपुस्तकात त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. हा तरुण वैद्यकीय अधिकारी रुग्णाच्या उशाशी बसून घामाच्या, नाडीच्या, रक्तदाबाच्या नोंदी लिहू लागला. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील गोळीचा उपयोग विंचूदंशावर होतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळच कमी झाले. मधल्या काळात त्यांनी पदव्युत्तर शिक्षणही पूर्ण केले आणि महाड येथेच व्यवसाय करीत संशोधन चालू ठेवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

खेड्यात गेल्यावर डॉक्टरच्या बुद्धीला गंज चढतो, अशी एक समजूत विद्यार्थ्यांत खोलवर रुजलेली असते. बिरवाडीची हकिगत ती खोटी ठरवते. विंचवाचे रुग्ण मुंबईच्या रुग्णालयात अपवादानेच दिसले असते. विदर्भापुरते बोलावयाचे तर गडचिरोलीत हिवताप आणि सिकलसेल, मेळघाटात कुपोषण, यवतमाळकडे कपाशीवरील फवारणीची विषबाधा, कोराडी-खापरखेडा पट्ट्यात दगडी कोळशाच्या राखेचा आणि श्वसनविकारांचा प्रश्न. यांपैकी प्रत्येक विषय जिज्ञासू डॉक्टरचे आयुष्य पुरून उरेल एवढा मोठा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. तेथील आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना तो रोग त्यापूर्वीही ठाऊक होता.

या सर्वांनी ज्या वर्गांत बसून व्याख्याने ऐकली, त्याच वर्गांत त्यांच्यासारख्या शेकडो विद्यार्थ्यांनी ती ऐकली. मग हेच का गेले? डॉ. अभय बंग यांचे बालपण सेवाग्रामच्या वातावरणात गेले. डॉ. प्रकाश आमटे आनंदवनात वाढले. डॉ. बावस्कर यांनी खेड्यातली गरिबी स्वतः भोगली होती. खेडे त्यांना परके नव्हते. महाविद्यालयात येण्यापूर्वीच ते त्यांच्या मनात होते.

ही गोष्ट अन्य देशांनीही ओळखली. जपानमध्ये १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ स्थापन झाले. तेथे प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी निवडले जातात. शिक्षणाचा खर्च कर्जाऊ मिळतो आणि पदवीनंतर आपल्याच प्रांतात नऊ वर्षे, त्यांतील बराच काळ वैद्यकीय सोयी नसलेल्या भागात काम केले की ते कर्ज माफ होते. बहुसंख्य विद्यार्थी हा करार पुरा करतात. फिलिपाईन्समध्ये १९७६ साली लेते बेटावर निघालेल्या शाळेत गावानेच पाठविलेला विद्यार्थी आधी सुईणीचे, मग परिचारिकेचे आणि अखेर डॉक्टरचे शिक्षण घेतो, आणि प्रत्येक पायरीनंतर गावात काम करून परततो. आपल्याकडे प्रवेश राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर होतात. शिकवणीच्या शहरांत दोन-दोन वर्षे राहून तयारी करू शकणाऱ्या विद्यार्थ्यास तीत साहजिकच वरचढ संधी मिळते. धारणी वा एटापल्लीच्या विद्यार्थ्यासाठी राखीव जागा आहेत, पण त्या जागेपर्यंत त्याला नेणारी चांगली विज्ञानशाळा तेथे आहे काय, हा प्रश्न शिक्षण खात्याइतकाच आरोग्य खात्याचाही आहे.

सेवाग्रामचा प्रयोग

आनंदवनात वाढलेले विद्यार्थी मोजके असणार. ज्याने खेडे पाहिलेच नाही, अशा सामान्य विद्यार्थ्याच्या मनात ही तयारी शिक्षणातून निर्माण करता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक दीर्घ प्रयोग नागपूरहून सुमारे ७५ किलोमीटरवर सेवाग्रामला चालू आहे.

महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ही १२ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. डॉ. सुशीला नय्यर या तिच्या संस्थापक. बापूंच्या सहवासात राहिलेल्या आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री राहिलेल्या या बाईंनी आश्रमाशेजारी एका छोट्या दवाखान्यापासून वाढलेल्या कस्तुरबा रुग्णालयाच्या भोवती हे महाविद्यालय उभे केले. खेड्यातले डॉक्टर हवे असतील तर ते खेड्यातच शिकले पाहिजेत, हा त्यांचा सरळ हिशेब होता.

प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचा पहिला पंधरवडा गांधीजींच्या आश्रमात जातो. प्रार्थना, सूतकताई, श्रमदान, स्वतःचे ताट स्वतः घासणे. अठरा वर्षांच्या मुलामुलींना यांतले सर्वच आवडते असे नाही, आणि आवडावे अशी अपेक्षा धरणेही फारसे शहाणपणाचे नाही. परंतु त्यानंतर जे घडते ते महत्त्वाचे आहे. प्रत्येक वर्षाची तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्याच वर्षी विद्यार्थी त्या गावात पंधरा दिवस मुक्कामास राहतात आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात. कुटुंबात माणसे किती, पाणी कोठून येते, गरोदर स्त्री आहे काय, मुलांना लस टोचली आहे काय, वर्षभरात आजारपणावर किती खर्च झाला, हे सारे तो विचारतो आणि लिहितो. पुढील वर्षांत ठराविक दिवशी त्याच घरी तो पुन्हा जातो. शरीरशास्त्राच्या वर्गात यकृत पाहिलेल्या विद्यार्थ्यास काविळीचा माणूस वर्षभराने त्याच्याच ओसरीवर भेटतो. तोवर त्या घरातील म्हातारीने त्याला नावाने हाक मारावयास सुरुवात केलेली असते. व्याख्यानाने जे होत नाही ते अशा हाकेने होते.

याच संस्थेतील डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी आसपासच्या गावांत ज्वारीच्या रूपाने विम्याचा हप्ता घेणारी योजना चालविली. सुगीच्या वेळी कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची आणि त्या बदल्यात गावात प्राथमिक उपचार आणि कस्तुरबा रुग्णालयात सवलतीने सेवा मिळावयाची. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा वेगळाच धडा होता. त्याचे प्राध्यापक रात्री गावसभेत बसून ज्वारीच्या पायलीचा हिशेब करीत होते. खेड्यात काम करणे म्हणजे हुशार माणसाने कमी दर्जाचे काम करणे नव्हे, हे त्याला निराळे सांगावे लागत नव्हते.

१९९० च्या दशकात या संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे असेल तर आपल्या पदवीधरांनी ग्रामीण भागातील स्वयंसेवी रुग्णालयांत दोन वर्षे काम केलेले असावे, असा दंडक केला. विद्यार्थी पाठविले जात ते नामांकित, अनुभवी डॉक्टर असलेल्या ठिकाणी. त्यामुळे ही दोन वर्षे शिक्षा न ठरता उमेदवारी ठरली. देशभर एकच प्रवेश परीक्षा लागू झाल्यावर संस्थेची स्वतःची पदवी प्रवेश परीक्षा राहिली नाही. तिच्यात गांधीविचारावर एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. एकसारखेपणाचे फायदे पुष्कळ आहेत, पण त्यापायी एखादी चांगली वेगळी वाट बंद होते, हेही नमूद केले पाहिजे.

सेवाग्रामचा मुख्य भाग मात्र आता देशभर गेला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा, असा कार्यक्रम पदवी अभ्यासक्रमात आणला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करणेही आवश्यक करण्यात आले आहे. यांचे यश गाडी किती वेळा गेली यावर अवलंबून राहणार नाही. तीच कुटुंबे, तोच विद्यार्थी आणि सोबत एक प्राध्यापक, हे तीन धागे टिकले तरच या कार्यक्रमाला अर्थ आहे. नाही तर १९७७ ची पुनरावृत्ती होण्यास वेळ लागणार नाही.

भीती कशाची?

खेड्यात जाण्यास नकार देणाऱ्या तरुण डॉक्टरांविषयी बोलताना पैशाचा उल्लेख लगेच होतो. भीतीचा उल्लेख क्वचितच होतो. मोठ्या रुग्णालयात शिकलेल्या विद्यार्थ्याच्या अवतीभवती क्ष-किरण, सोनोग्राफी, रक्तपेढी आणि वरिष्ठांची फळी असते. ही सारी काढून घेतली तर आपल्या हातून काय होईल, याची त्याला खात्री नसते. ही भीती प्रामाणिक आहे.

मेळघाटातील बैरागड येथे काम करणारे डॉ. रवींद्र कोल्हे हेही नागपूरचेच विद्यार्थी. १९८० च्या दशकात हरिसालहून सुमारे ४० किलोमीटर पायी चालत बैरागडास जावे लागे. तेथे जाण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. सोनोग्राफी आणि रक्त उपलब्ध नसताना बाळंतपण करता येणे, क्ष-किरणाशिवाय न्यूमोनिया ओळखता येणे आणि अतिसारावर उपचार करता येणे, या तीन गोष्टी जंगलातल्या डॉक्टरला आल्याच पाहिजेत, असा सल्ला त्यांना मिळाला होता आणि मुंबईस राहून त्यांनी त्या शिकून घेतल्या. तरीही बैरागडास असताना, स्फोटात हात गमावलेल्या एका रुग्णासमोर आपले ज्ञान अपुरे असल्याची जाणीव त्यांना झाली. ते परत फिरले, पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि पुन्हा बैरागडास गेले. २०१९ मध्ये त्यांना आणि होमिओपॅथीच्या डॉक्टर असलेल्या त्यांच्या पत्नी श्रीमती स्मिता कोल्हे यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

वैद्यकीय शिक्षणाच्या दृष्टीने पद्मश्रीपेक्षा त्या तीन गोष्टींची यादी अधिक मोलाची आहे. आंतरवासितेचे वर्ष नेमके अशाच गोष्टी हाताखालून जाव्यात यासाठी आहे. वस्तुस्थिती अशी की, पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या ओझ्याखाली हे वर्ष दबून गेले आहे. रुग्णाजवळ उभे राहण्याऐवजी विद्यार्थी बहुपर्यायी प्रश्नांच्या पुस्तकात डोके घालून बसतो. टाके घालण्याचा, मूल फिरविण्याचा, सलाईन लावण्याचा हात बसावयाचा तो बसत नाही. मग बिनसरावाच्या हातांनी एकटे खेड्यात जाण्याची हिंमत त्याने कोठून आणावी? दोष केवळ त्याचा नाही, कारण साध्या पदवीला समाजात किंमत राहिलेली नाही, हे तो घरीदारी पाहत असतो.

याच ठिकाणी सक्तीच्या सेवेचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यास एक वर्ष शासकीय सेवा करण्याचे हमीपत्र द्यावे लागते. अनेक वर्षे, ही सेवा न केल्यास १० लाख रुपये भरून मोकळे होण्याची वाट होती आणि तिचा उपयोग ऐपत असलेल्यांनी केला. सक्तीने रिकामी खुर्ची वर्षभर भरते, हे खरे. ते वर्ष संपताच खुर्ची पुन्हा रिकामी होते आणि गावकऱ्यांना दरवर्षी नवा चेहरा दिसतो, हेही तितकेच खरे. मात्र सक्तीच्या वर्षातही एखादा रमतो. तो कोण असतो? बहुधा तो, ज्याला चांगला वरिष्ठ भेटला, ज्याच्या दूरध्वनीला जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञाने रात्री उत्तर दिले आणि ज्याला या सेवेनंतर पदव्युत्तर शिक्षणाची आशा होती. ही शेवटची बाब निर्णायक आहे. शासकीय सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांना अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी दिला. खेड्यातली वर्षे वाया गेली नाहीत, त्यांनी पुढची वाट उघडली, असे ज्याला दिसेल तो ती वर्षे निराळ्या मनाने घालवील.

दोघांचा प्रश्न

वर ज्यांची नावे आली, त्यांत एक साम्य सहज लक्षात येते. आमटे, बंग, कोल्हे, बावस्कर, आणि १९७० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) जामखेड येथे गेलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे, ही सर्व जोडपी आहेत. पतीही डॉक्टर, पत्नीही डॉक्टर, आणि निर्णय दोघांचा. आरोळे दांपत्याने जामखेडला गावोगावच्या, कित्येकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले आणि १९७९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाचा बोलबाला झाला, पण दोघांनी मिळून जावे लागते ही त्यामागची साधी गोष्ट धोरणात उतरावयास फार वेळ लागला.

आज वैद्यकीय महाविद्यालयांतून विद्यार्थिनींची संख्या मोठी आहे. आदिवासी भागातील केंद्रावर एकट्या तरुण स्त्री-डॉक्टरची नेमणूक होते, तेव्हा तिच्या निवासस्थानास भक्कम दार, कुंपण आणि रात्री दिवा आहे काय, हा प्रश्न वेतनाच्या आधी येतो. पती-पत्नी दोघेही डॉक्टर असतील तर एकाच केंद्रावर नेमणूक देणे प्रशासनास अवघड नाही, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रावर सामान्यतः वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या दोन जागा असतातच. पती अन्य व्यवसायातला असेल तर अडचण वाढते. मूल शाळेत जाण्याच्या वयाचे झाले की बदलीचा अर्ज जातो, हे प्रत्येक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यास ठाऊक आहे. याच कारणाने नागपूरनजीकच्या गावांत डॉक्टर मिळण्यास तितकी अडचण पडत नाही. कोराडीसारख्या ठिकाणी नेमणूक झालेला डॉक्टर शहरात बिऱ्हाड ठेवून रोज जाऊ-येऊ शकतो. त्याची दिवसपाळी गावाला मिळते. रात्रीचा मात्र पत्ता नसतो, आणि बाळंतपणे व सर्पदंश वेळ पाहून येत नाहीत.

थोर डॉक्टरांच्या कथा विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवाव्यात. मात्र त्या सांगताना ‘त्याग’ हा शब्द जरा जपून वापरावा. आमटे किंवा कोल्हे यांच्यासारखे होणे आपल्याला जमणार नाही, असे सामान्य विद्यार्थ्यास वाटते आणि तेथेच त्याच्यापुरता विषय मिटतो. ‘सर्च’ने २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘निर्माण’ या युवक-उपक्रमात तरुणांना मुख्यतः एकच विचारले जाते, की तुमच्या शिक्षणाचा उपयोग कोठे होईल? आयुष्यभरासाठी जाणारे थोडेच असतील. तीन वर्षांसाठी, आनंदाने आणि कामात तरबेज होऊन जाणारे पुष्कळ मिळाले, एक गेल्यावर दुसरा आला आणि जाणाऱ्याने येणाऱ्यास आठ दिवस सोबत राहून गाव दाखविले, तरी तीस हजार लोकांचे काम भागेल.

विदर्भात गेल्या काही वर्षांत वैद्यकीय महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली आहेत. चंद्रपूर येथे २०१५ मध्ये, गोंदियाला २०१६ मध्ये शासकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि २०२४ मध्ये गडचिरोलीच्या महाविद्यालयास १०० जागांची परवानगी मिळाली. जेथे हेमलकशास पोहोचण्यासाठी नद्या उतराव्या लागत, त्याच जिल्ह्यात आता डॉक्टर शिकणार आहेत. तेथील रुग्णालयात त्यांना हिवताप, सिकलसेल आणि अशक्त माता रोज पाहावयास मिळतील. माडिया आणि गोंडी बोलीतले दुखण्याचे शब्द त्यांच्या कानांवर पडतील. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता धरता त्यांची पहिली तुकडी २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. भामरागड, एटापल्ली, धानोरा येथील केंद्रांवर त्यांच्यासाठी राहण्याजोगी घरे बांधावयास तेवढाच अवधी आहे.